देठावरची लव

डब्लिनच्या त्या मुलीने पत्रात काही वावगं लिहिलं नव्हतं. उलट फार अदबीने लिहिलं होतं. देशभरच्या रानफुलांचा नवा नकाशा तयार होतो आहे, जुन्या नोंदी एकेक करून तपासतो आहोत, कॉर्कच्या आपल्या कॉलेजच्या संग्रहात १९८४ सालचा एक कागद आहे, त्यावर चिकटवलेल्या रोपाचे देठ आपण पुन्हा एकदा भिंगाखाली पाहाल का, आणि त्यावरच्या चिठ्ठीबद्दल काही आठवत असेल तर कळवाल का. खाली नाव, सोरखा. आडनाव नाही, आजकालची मुलं आडनाव लिहीत नाहीत. नोरीन हॅरिंग्टनने कंप्यूटरच्या पडद्यावरचं ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बाहेर हिरवळीवर कुणीतरी गवत कापायचं यंत्र फिरवत होतं. मे महिन्यातला मंगळवार होता. तिच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि टेबलाखाली एक पुठ्ठ्याचा खोका आत्तापासूनच भरून ठेवलेला होता: कप, थंडीतला स्वेटर, टाचण्यांची डबी. चाळीस वर्षांचा पसारा एवढाच निघाला याचं तिला कालच आश्चर्य वाटलं होतं. ती उठली आणि कपाटांच्या रांगेतून चालत गेली, आणि तिसऱ्या कपाटाचा खालून दुसरा कप्पा ओढल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला तो शोधावा लागला नाही. इतक्या वर्षांत तिने त्या कप्प्याला हात लावायचं टाळलं होतं. पण टाळायचं तर तो कुठे आहे हे रोज लक्षात ठेवावं लागतं.

कागद काढून तिने खिडकीपाशी नेला. रोप चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं होतं. पाकळ्यांवरचे लाल ठिपके केव्हाच उडून गेले होते, पण पानं शाबूत होती, गोल, देठापाशी आत वळलेली, बदामाच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी. आणि देठावर लव. भिंग धरलं तेव्हा ती उभीच्या उभी दिसली, पांढरी, बारीक, थंडी वाजल्यावर हातावर उठते तशी. माणूस मेल्यावरही काही काळ केस वाढत राहतात असं तिची आई म्हणायची. देठ गोल. कुठेही चपटा नाही. केसाळी जातीचं रोप, त्यात शंका नव्हतीच कधी. शंका होती ती खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीबद्दल. चिठ्ठीवरचं अक्षर वाटोळं, टपोरं, जरा मिरवणारं होतं, आणि ते कुणाचं हे समजायला तिला चक्क दोन-चार क्षण लागले. तेवीस वर्षांच्या मुलीचं अक्षर. ‘कनेमारा, गॉलवे. ओढ्याकाठचा ओला खडक. शोधणारा: टाइग क्रेमिन, प्राथमिक शिक्षक, ग्लॅनबेग, केरी.’ तिने भिंग खाली ठेवलं. ती खोकली. रिकाम्या खोलीत तो खोकला फार मोठा वाटला.

ग्लॅनबेगच्या शाळेत दोन खोल्या होत्या आणि मोठ्या खोलीत सगळी मिळून एकोणीस मुलं. शुक्रवारी डबे खाऊन झाले, की क्रेमिन मास्तर फळा पुसायचे, खडूचे हात कोटाला पुसायचे आणि म्हणायचे, “चला, आता शिकायला जाऊ.” म्हणजे दरीत. दरीत उतरलं की हवा बदलायची, शेवाळाचा आणि लोखंडी पाण्याचा वास यायचा, आणि खडकांच्या फटीफटीतून ती फुलं डोलत असायची, पाषाणभेदाच्या जातकुळीतली, इवलीशी, पांढरी-गुलाबी, आईच्या भाषेत ‘त्या कोब्या’. आई सगळ्यांनाच कोब्या म्हणायची. मास्तर म्हणायचे, “सगळ्यांना एकच नाव ठेवणं हे न बघितल्याचं लक्षण.” मग मुलांना ओळीत उभं करून डोळे मिटायला लावायचे आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पान ठेवायचे. “डोळ्यांना फसवता येतं. बोटानं सांगा.” देठ चपटा, रुंद, गुळगुळीत, पान चमच्यासारखं आणि कडेचे दाते टोकदार, म्हणजे संत पॅट्रिकची कोबी. देठ बारीक, गोल, लव असलेला, पान वाटोळं, दाते बोथट, म्हणजे केसाळी. “आणि जिथं बोट घुटमळेल,” मास्तर म्हणायचे, “जिथं वाटेल की ही आहे आणि नाहीही, तिथं घाई करायची नाही. ती मधली. दोघींच्या संकरातली. तिला तिचं नाव द्यायचं, दुसरीचं नाही.” बाकीची मुलं अंदाजाने ओरडायची. मायकल ओशे तर पानं खाऊन टाकायचा. नोरीन चुकायची नाही. पानाचा थंड, जाडसर स्पर्श तळहाताला व्हायचा, मग अंगठा देठावरून सावकाश खाली जायचा, आणि मधेच कुठेतरी ती लव लागायची, मांजरीच्या कानाच्या आतल्यासारखी, आणि मिटल्या डोळ्यांमागे काहीतरी उजळायचं. इतर काहीच तिला इतकं नक्की कळत नसे. घरात नाही, चर्चमध्ये नाही, गणितात तर नाहीच.

तिला कॉर्कला शिकायला पाठवा म्हणून मास्तर स्वतः चालत घरी आले होते. बाबा मेंढ्यांचे खूर तासत बसले होते, ते उठले नाहीत. मास्तरांनी तीन कप चहा घेतला. “पानं चिकटवायला कॉलेज लागतं होय, मास्तर?” बाबांनी विचारलं. “चिकटवायला नाही लागत, मॉर्टी. ओळखायला लागतं.” “ओळखून करायचं काय?” मास्तरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “ते मलाही नीट ठाऊक नाही. पण तुझ्या पोरीला जे येतं ते मला यायला वीस वर्षं लागली.” बाबा हसले नाहीत, पण त्यांनी तासणी खाली ठेवली. सप्टेंबरात ती बसमध्ये चढली. चार वर्षांनी त्याच कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात तिला तात्पुरती नोकरी लागली. रोपं दाबायची, चिकटवायची, चिठ्ठ्या लिहायच्या. मास्तर तेव्हा केरीतल्या वनस्पतींची नोंद ठेवायचं काम बिनमोबदला करत होते, आणि जे काही विशेष सापडेल ते ओल्या शेवाळात गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तिच्याकडे पाठवत. वर पत्ता असे ‘कुमारी एन. हॅरिंग्टन’, आणि त्याखाली न चुकता ‘सावकाश उघडावे’.

जून चौऱ्याऐंशीत एकाच आठवड्यात दोन डबे आले. एक नेहमीचा, ग्लॅनबेगहून. दुसराही मास्तरांचाच, पण कनेमाराहून. मास्तर आणि मास्तरीणबाई लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिकडे आठ दिवस राहायला गेले होते. शुक्रवारची दुपार होती. चार वाजता बाहेर डेक्लन नावाचा एक मुलगा मोटारसायकल घेऊन येणार होता, ते योलच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणार होते, आणि तिने नवा पिवळा झगा घालून वर कामाचा पांढरा कोट चढवला होता. टेबलावर दोन्ही डबे उघडून ठेवलेले. एकातली रोपं केरीच्या साप्ताहिकात बांधलेली, दुसऱ्यातली गॉलवेच्या. दोन्ही कागद भिजून सारखेच करडे झालेले. फोन वाजला, ती बोलली, परत आली, रोपं दाबणीच्या फळ्यांत घातली, स्क्रू आवळले. हॉर्न वाजला. त्या दिवसातलं बाकी सगळं तिला अजून लख्ख आठवत होतं. वाळूत रुतलेले बूट, डेक्लनच्या मानेवरची उन्हाने सोललेली कातडी, परत येताना डोळ्यांत जाणारे किडे. रोपं कुठल्या फळीत ठेवली तेवढंच आठवत नव्हतं. डेक्लन पुढच्याच वर्षी बोस्टनला गेला आणि तिकडचाच झाला. सोमवारी तिने वाटोळ्या, टपोऱ्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या.

संग्रहाच्या प्रमुख प्राध्यापकसाहेबांनी कनेमाराच्या चिठ्ठीचा तो कागद पाहिला आणि ते खुर्चीतून अर्धे उठलेच. गॉलवेमध्ये पॅट्रिकची कोबी होती, मधलीही होती. पण मधली जिच्यामुळे झाली ती केसाळी तिकडे कुणालाच कधी सापडली नव्हती. लेक आहे आणि आई नाही, असं ते कोडं शंभर वर्षं तसंच होतं. आणि आता केरीतल्या एका शाळामास्तराने तिला एका ओढ्याकाठी शोधून काढलं होतं! छोटा लेख छापून आला, मास्तरांचं नाव त्यात दोनदा होतं. मास्तरांचं पत्र आलं: ‘मला तर ती मधलीच वाटली होती. पण मी उभ्या पावसात पाहिली, तू भिंगाखाली पाहिलीस. माझ्यापेक्षा तुझ्यावर माझा जास्त भरवसा आहे. बायको म्हणते, आता तुमच्या डोक्याला टोपी बसायची नाही.’ ते पत्र वाचताना तिला पहिल्यांदा आत कुठेतरी गार लागलं. मास्तर चुकणार नाहीत. उभ्या पावसात नाहीत आणि आंधळे झाले तरी नाहीत. पण तो विचार तिने पुरता केला नाही. नंतर अनेक वर्षं, रात्रीच्या जेवणाची बशी विसळताना किंवा बसची वाट पाहताना, ती त्या क्षणाकडे परत जायची. तेव्हा फक्त जिना उतरून कप्पा उघडायचा होता. पंधरा पायऱ्या.

पुढच्या उन्हाळ्यात डब्लिनचे दोघं आणि इंग्लंडचा एक असे तीन जाणकार त्या ओढ्यावर तीन दिवस रांगले. सगळीकडे मधली, केसाळी एक नाही. मग कुणीतरी कुणालातरी पत्र लिहिलं, त्याने प्राध्यापकांना लिहिलं. नोरीन त्यांच्या खोलीत चहा ठेवायला गेली होती. “क्रेमिन,” ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. “घरच्या दरीतली उपटून पाठवली असणार. की तिकडे नेऊन लावलीन आणि मग सापडली म्हणून ओरडला? कोण म्हणेल हो, इतका साधा माणूस.” तिने चहा ठेवला, बशीत सांडला, पुसला. मग ती त्या पंधरा पायऱ्या उतरली. ग्लॅनबेगची चिठ्ठी लावलेला दुसरा कागद तिने काढला. देठ किंचित चपटा, लव तुरळक. मधली. ग्लॅनबेगलाही मधली होतीच, म्हणून त्या कागदाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंच नव्हतं. पण त्याच्या मागे, वेष्टणात, मूळचं वर्तमानपत्र तिने घडी करून ठेवलं होतं. तशी तिला सवय होती. घडी उलगडली. गॉलवेच्या गुरांच्या बाजाराची जाहिरात होती. तिने ती जाहिरात पूर्ण वाचली, बैलांचे दर, काळ्या गायींचे दर, लिलावाची वेळ. मग ते वर्तमानपत्र घेऊन ती तळघरात गेली आणि बॉयलरच्या तोंडात टाकलं. विचार करून केलं असं नव्हे. हात गेला, दार उघडलं, गरम वाफ तोंडावर आली. वर आल्यावर तिने हात धुतले. सप्टेंबरात तिची नोकरी कायम व्हायची होती. सप्टेंबरनंतर सांगू, तिने ठरवलं. मग नाताळनंतर. मग प्राध्यापक निवृत्त झाल्यावर. मग ते वारले.

मास्तरांवर कुणी खटला भरला नाही, पेपरात काही आलं नाही. फक्त एक सभ्य पत्र गेलं, की नोंदीचं काम आता दुसरं कुणीतरी बघेल, आणि त्यांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी, साडेतीन हजारांवर, तूर्तास बाजूला ठेवल्या आहेत. गावाला ते कळायला आठवडा पुरला. दुकानात मास्तर बटाटे निवडत असले, की मायकल ओशेचा बाप मागून म्हणायचा, “मास्तर, हे आपल्या केरीचेच ना, का गॉलवेत नेऊन पेरलेत?” सगळे हसत. आधी मास्तरही हसत. आईने हे सगळं पत्रातून नोरीनला कळवलं होतं. आईला त्यात गंमत वाटत होती. पुढे आईने लिहिलं, की मास्तरीणबाई आता पावासाठी तीन मैल लांबच्या दुकानात जातात. मग लिहिलं, की शुक्रवारचं दरीत जाणं बंद झालंय. एक्क्याण्णवमध्ये मास्तरीणबाई गेल्या तेव्हा नोरीन अंत्यविधीला गेली. चर्चच्या दारात मास्तरांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “तुझं बरं चाललंय ना, पोरी?” ती हो म्हणाली. “मग झालं,” ते म्हणाले. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. कधीच विचारलं नव्हतं. ते विचारत नाहीत याचाच तिने पुष्कळ वर्षं आधार घेतला होता.

आता तिने कागद पुन्हा कप्प्यात ठेवला नाही. टेबलावर आणला आणि पडद्यासमोर बसून सोरखाला उत्तर लिहिलं. लिहायला दीड तास लागला. १९८४च्या जूनमध्ये दोन डबे होते, चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली, १९८५ मध्ये ते माझ्या लक्षात आलं आणि मी पुरावा जाळला, श्री. क्रेमिन यांचा यात कसलाही दोष नव्हता. ‘जाळला’ हा शब्द तिने तीनदा खोडला आणि तीनदा लिहिला. पत्र पाठवल्यावर ती खुर्चीत मागे टेकून बसली. आता फोन येईल. आता कुणीतरी वरून खाली येईल. दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘खूप खूप आभार! नोंद दुरुस्त केली आहे. जुन्या संग्रहात असे घोटाळे होतच असतात, स्वतःला त्रास करून घेऊ नका! आणि श्री. क्रेमिन यांच्या बाकीच्या नोंदींबद्दल म्हणाल तर त्या आम्ही कधीच पुन्हा ग्राह्य धरल्या आहेत. नंतरच्या लोकांना जवळजवळ सगळी झाडं त्यांनी सांगितलेल्या जागीच सापडली. फार काटेकोर गृहस्थ असावेत. निवृत्तीच्या शुभेच्छा!’ नोरीनने ते वाचलं. मग ‘कधीच’ या शब्दापाशी परत आली. केव्हा? तिने विचारलं. ‘२००६ च्या सुमारास असेल,’ उत्तर आलं. ‘का?’ म्हणजे अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांपूर्वी कुठल्याशा खोलीत, चहाच्या दोन कपांच्या मध्ये, साडेतीन हजार नोंदी जागच्या जागी परत गेल्या होत्या, आणि हे मास्तरांना कळवावं असं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

गुरुवारी तिने रजा घेतली आणि केरीची बस पकडली. किलार्नीला बस बदलावी लागते. खिडकीची काच धुरकट होती आणि शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर केकचा डबा होता. वळणावळणावर ती तो दोन्ही हातांनी धरी. काय बोलायचं याची नोरीनने मनाशी जुळवाजुळव केली. आधी माफी, मग डबे, मग बॉयलर? की आधी बॉयलर? आधी माफी मागितली तर कशाची हे त्यांना कळायचं नाही. आधी बॉयलर म्हटलं तर माफी मागायला तोंड उरायचं नाही. मास्तर चिडतील का? चिडावेत असं तिला वाटलं. त्यांनी तिला त्या एकोणीस मुलांसमोर उभं करून बोलावं तसं बोलावं, हात पुढे कर म्हणावं. तिला तहान लागली होती, पण पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी होती आणि हात तिथवर जाईना. डोंगर सुरू झाले, रस्त्याकडेच्या ओल्या कातळांवर ती फुलं होती, बसच्या वाऱ्याने एकदम वाकून पुन्हा उभी राहणारी, आणि पळत्या बसमधून त्यांतली कुठली कोण हे तिला सांगता येईना. ती सारखी पाहत राहिली. सगळी सारखीच दिसत होती.

केरीतल्या केनमेर गावाबाहेर टेकडीवर वृद्धांचं एक घर होतं. तिथल्या मोठ्या खोलीत टीव्हीवर प्रार्थना चालली होती आणि कुणीच ऐकत नव्हतं. मास्तर आपल्या खोलीत होते, खिडकीपाशी, गुडघ्यांवर पट्ट्यापट्ट्यांचं पांघरूण. अठ्ठ्याऐंशीचे झाले होते. चेहरा आतून ओढून घेतल्यासारखा, पण डोळे स्वच्छ. त्यांची मुलगी अबिना त्यांची नखं कापत होती. अबिना नोरीनपेक्षा तीन वर्षांनी लहान, शाळेत मागच्या बाकावर बसायची. आता जाड झाली होती, आणि आल्या माणसाला आधी पायांपासून बघायची तिची सवय तशीच होती. “डॅडी, कोण आलंय बघा. मॉर्टी हॅरिंग्टनची नोरीन.”

“बघतोय की,” मास्तर म्हणाले. “आंधळा नाही झालेलो. बस पोरी. अबिना, तिला चहा आण. ब्रेड इथला चांगला नसतो, तो आणू नकोस.”

अबिना गेली. नोरीन पलंगाच्या कडेवर बसली. जुळवलेलं सगळं निसटलं होतं. “मास्तर, मी तुम्हाला त्या केसाळीबद्दल सांगायला आलेय,” ती म्हणाली. “कनेमाराच्या.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते हसले. ओशाळं नव्हे, शांत हसू. “म्हणजे तुलाही ते अजून छळतंय? मी तर त्यातून मोकळा झालो. फादर लूनींकडे कबुली दिली, त्याला झाली पंचवीस वर्षं. ते म्हणाले, फुलासाठी देव कुणाला नरकात घालत नाही.”

“कसली कबुली?”

“मीच लावली होती ती,” मास्तर म्हणाले. “घरच्या दरीतून नेली. डब्यात शेवाळ घालून. मे, म्हणजे मास्तरीणबाई, झोपली होती, मी पहाटे उठून ओढ्यावर गेलो. खडकात एक फट होती, एवढी, त्यात माती भरली आणि अंगठ्यानं दाबली. बोटं गारठली होती. अजून आठवतंय. मला ती तिथं असायला हवी होती, नोरीन. इतकी हवी होती, की...” त्यांनी अंगठा पांघरुणावर दाबून दाखवला. नखाच्या कडेला नुकतीच कात्री लागून पांढरं झालेलं होतं. नोरीन त्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्या ओढ्यावर तीन माणसं तीन दिवस रांगली होती. कुठल्याही फटीत काही नव्हतं. मास्तरांनी डब्यात घालून पाठवली ती मधली होती, आणि ते तेव्हाही मधलीच म्हणत होते. हे जे ते सांगत होते, ती पहाट, ती गार माती, हे कधी घडलंच नव्हतं. तरी त्यात खोट म्हणून नव्हती. इतकं नीट तिला स्वतःचा तो शुक्रवारसुद्धा आठवत नव्हता.

“नाही, मास्तर,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. “तुम्ही नाही लावलीत. माझ्याकडून चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. दोन डबे होते, एक इथला, एक तिकडचा. मला जायची घाई होती. नंतर मला कळलं, वर्षभराने, आणि मी गॉलवेचा तो पेपर जाळून टाकला. नोकरी जाईल म्हणून. तुम्ही काहीच केलं नव्हतंत. सगळं मी केलं.”

दारात अबिना चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून ते कळलं नाही. मग मास्तरांनी हात लांब करून नोरीनच्या मनगटावर ठेवला. हात कोरडा आणि हलका होता. “तू शाळेतही असंच करायचीस,” ते म्हणाले. “ओशेच्या पोरानं खिडकी फोडली, तर तू उठून उभी. मी फोडली, मास्तर. मला काय कळायचं नाही? पण मी तुला कधी मारलं नाही.”

“मी कधी असं केलं नाही, मास्तर.”

“करायचीस. मायाळू होतीस फार.” त्यांनी मनगट थोपटलं. “पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, पोरी. या वयात मला ते नको. चहा पी.”

ती आणखी बोलली. तारखा सांगितल्या, डब्यांवर काय छापलेलं होतं ते सांगितलं, डब्लिनच्या मुलीचं उत्तर पिशवीतून काढून वाचून दाखवलं; साडेतीन हजार नोंदी पुन्हा ग्राह्य धरल्या आहेत, तुम्हाला काटेकोर म्हणतात, मास्तर. मास्तर ऐकत होते. वर्गातलं मंद पोर चुकीचं गणित मांडत असताना ते असेच ऐकायचे, मधे न बोलता. “छान लिहिलंयस,” ते शेवटी म्हणाले. आणि डोळे मिटून घेतले.

बाहेरच्या वाटेवर, औषधांच्या गाड्याशेजारी, अबिनाने तिला गाठलं. हातात अजून ट्रे होता, चहा तसाच. “ते खरं होतं ना?” तिने विचारलं. “तू आत्ता सांगितलंस ते.”

“खरं होतं.”

अबिनाने ट्रे गाड्यावर ठेवला. ती ओरडेल असं नोरीनला वाटलं; तिने खांदे आवळूनही घेतले. पण अबिना ओरडली नाही. ती अगदी हळू आवाजात बोलायला लागली, जणू गाड्यावरच्या बाटल्यांना सांगते आहे. “आई गेल्यावर ते रात्रंदिवस तेच बोलायचे. मी नाही केलं, अबिना, कसं झालं कळत नाही, मी नाही केलं. आठ वर्षं. जेवताना, प्रार्थनेच्या मधे, माझ्या मुलांसमोर. मला ऐकवेना. मी एक दिवस त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, डॅडी, केलंय तुम्ही. सगळ्या जगाला ठाऊक आहे. एकदा कबूल करा आणि आम्हाला सोडा. मी रोज म्हणायचे. रोज. एका हिवाळ्यात ते गप्प झाले, आणि मग एकदा सकाळी म्हणाले, बरोबर आहे तुझं. फादरांकडे मीच नेलं त्यांना. गाडीतून.” तिने नाक पुसलं. “घरी येताना मी गात होते, नोरीन. गाडी चालवताना. इतकं हलकं वाटलं होतं मला.”

नोरीनने तिच्या दंडाला लावायला हात पुढे केला, पण अबिनाने दंड मागे घेतला. “तुला सांगायचंच होतं तर तेव्हा सांगायचंस,” ती म्हणाली. “आणि तेव्हा नाही तर मग नाहीच. आता हे घेऊन मी काय करू?” तिने उत्तराची वाट पाहिली नाही. वळली आणि खोलीत गेली. दार पुरतं लागलं नाही.

नोरीनला जायचं होतं. पावणेपाचची बस होती, फाटक समोर दिसत होतं, एक नर्स तिच्याकडे पाहून ओळखीचं हसलीही. पण ती हलली नाही. आतून अबिनाचा आवाज येत होता, लहान मुलीसारखा, घाईचा. “डॅडी. डॅडी, उठा. ऐका माझं. तुम्ही नाही लावलीत ती. ऐकताय ना? तुम्ही नाही केलंत.”

“अबिना, आता पुन्हा नको,” मास्तर म्हणाले. थकलेले, पण समजुतीने. “झालंय ते एकदाचं.”

“नाही केलंत, डॅडी. म्हणा ना. मी नाही केलं म्हणा.”

टीव्हीवरची प्रार्थना संपून कसलीशी जाहिरात लागली होती.

“असं कसं म्हणू?” मास्तर म्हणाले. “तूच तर सांगितलंस मला.”